वर्गाची वही आणि कॉलसाइन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास यावा असं कार्यकारिणीनं ठरवलं आणि क्लबाचं कपाट उघडलं गेलं. त्यात सभांची इतिवृत्तं निघाली, आपत्तीच्या काळातली लॉगबुकं निघाली आणि तळाच्या फळीवर रविवारच्या वर्गाच्या वह्या निघाल्या. इतिवृत्तं आणि लॉगबुकं यांवरून इतिहास याआधी लिहिला गेला आहे. रौप्यमहोत्सवी अंकात अध्यक्षांची नावं आहेत, रिपीटर केव्हा बसला ते आहे, पुरात कोण कुठल्या चौकीवर होतं तेही आहे. त्यात मी भर घालण्यासारखं फार नाही. म्हणून मी वर्गाच्या वह्या घेऊन बसलो.

या वह्यांची आखणी पहिल्या दिवसापासून एकच आहे. डाव्या पानावर वर्गाला आलेल्यांची नावं. उजव्या पानावर, त्याच ओळीत, परवाना मिळाल्यावर लिहायची कॉलसाइन. शेवटच्या रकान्यात 'कोणी शिकवलं'. डावं पान बहुतेक वर्षी भरलेलं दिसतं. उजवीकडं मात्र ओळीच्या ओळी कोऱ्या आहेत. आपल्या क्लबाचं काय झालं, काय चुकत गेलं आणि कशानं सावरलं, हे या कोऱ्या ओळींवरून जितकं कळतं तितकं कुठल्याही अहवालावरून कळत नाही.

स्मरणिका सभासदांच्या घरीही वाचली जाईल, म्हणून थोडं सांगायला हवं. हौशी रेडिओ म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, नेमून दिलेल्या लहरींवर स्वतःच्या संचावरून जगाशी बोलणं. असं बोलणाऱ्याला हॅम म्हणतात. पैसे मिळवायचे नाहीत, राजकारण बोलायचं नाही, परवान्याबरोबर मिळालेली आपली कॉलसाइन, म्हणजे लहरींवरची ओळख, सांगितल्याशिवाय बोलायचं नाही. ज्यानं त्यानं यंत्र समजून घ्यावं आणि जमेल तितकं स्वतः बनवावं, ही यातली मूळ अपेक्षा.

आपल्या देशात ही हौस शंभर वर्षांपूर्वीची. १९२१ साली कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं हौशी मंडळींचे संच जमा करून घेतले, तरी १९४२ च्या ऑगस्टअखेर मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ उभा राहिला तो याच विद्येतल्या जाणकारांच्या मदतीनं. त्यामागच्या उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महूच्या लष्करी सिग्नल शाळेच्या आसऱ्यानं अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया निघाला. पुढं तो दिल्लीला गेला आणि अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाला. आपल्या शहरात मात्र हे वारं यायला सत्तरचं दशक अर्धं सरावं लागलं.

आपले संस्थापक तिघं. तारखात्यातून निवृत्त झालेले तारमास्तर, बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारे गृहस्थ आणि हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवणारे सर. तिघांच्या वयात, जातीपातीत, मिळकतीत काही सारखं नव्हतं. दुकानात एक युद्धकाळातला लष्करी रिसीव्हर होता, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भंगाराच्या भावात आणलेला. रात्री दुकानाची फळी अर्धी लावून तिघं तो ऐकत बसत. तिथं जी पोरं येऊन उभी राहायला लागली, ती आपल्या वहीतली पहिली नावं. क्लबाची नोंदणी नंतर झाली, वर्ग आधी सुरू झाला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

वर्ग शाळेच्या प्रयोगशाळेत भरे. सर ओहमच्या नियमापासून सुरुवात करत, दुकानदार काका जुन्या रेडिओचं पोट उघडून दाखवत आणि तारमास्तर मोर्स शिकवत. त्यांची मोर्सची पद्धत अजून आपल्याकडं चालते. कागदावर टिंब आणि रेघा मांडायला त्यांची सक्त मनाई होती. अक्षर कानानंच ओळखायचं. 'के' म्हणजे डा-डि-डा; ते डोळ्यांसमोर आणायचं नाही, ओळखीच्या माणसाची हाक ओळखावी तसं ओळखायचं. टिंबं मोजणारा मुलगा मिनिटाला पाच शब्दांवर अडकतो, हे त्यांनी खात्यात पाहिलेलं होतं. तेव्हा दुसऱ्या श्रेणीच्या परवान्याला पाच आणि पहिल्या श्रेणीला बारा शब्दांचा वेग लागे. पाचाच्या पुढं जायचं तर सवय पहिल्या दिवसापासून बाराचीच लावायला हवी, असं ते म्हणत.

परीक्षेला मुंबई गाठावी लागे. मुलं रात्रीच्या गाडीनं जात, सकाळी पेपर देत, रात्री परत निघत. बहुतेक पास होत. तरीही उजवं पान कोरं का राहिलं? कारण परीक्षा झाल्यावर परवाना हाती यायला फार काळ जाई. पोलिसांकडून चौकशी, मग कागद वरच्या कार्यालयात, मग वाट पाहणं. दहावीत परीक्षा दिलेला मुलगा बारावीला जाई, बारावीचा कॉलेजसाठी पुण्याला. परवाना घरच्या पत्त्यावर येई तेव्हा घरी आईवडील आणि ट्रंकेत ठेवलेली मोर्सची किल्ली, इतकंच उरलेलं असे. हौशी रेडिओ तरुणांना नकोसा झाला असं जे लोक म्हणतात, त्यांनी ही वर्षं पाहावीत. मुलांना हवाच होता, त्यांना नुसतं दारात बसवून ठेवलं गेलं.

यावर तोड काढली ती सरांनी, आणि माझ्या मते क्लबाच्या पन्नास वर्षांतलं ते सर्वांत शहाणपणाचं काम आहे. त्यांनी वाट पाहणाऱ्या मुलांना श्रोते केलं. प्रत्येकाला एक वही दिली. रोज ठरलेल्या वेळी रिसीव्हरसमोर बसायचं, जे स्टेशन ऐकू येईल त्याची नोंद करायची: तारीख, जागतिक वेळ, लहर, कॉलसाइन, आवाज किती स्पष्ट, जोर किती, समोरचा कोणाशी बोलत होता. महिन्याअखेर त्यातली निवडक नोंद पत्रानं त्या त्या हॅमला कळवायची. 'तुमचं स्टेशन ऐकलं, कार्ड पाठवा' असं भिकारडं पत्र सर पाठवू देत नसत. समोरच्याला आपल्या अँटेनाबद्दल काही कळेल असा मजकूर त्यात हवा. मग एखाद्या दिवशी पोस्टमन जपानचं किंवा सोव्हिएत देशाचं पोचपावतीचं कार्ड घेऊन येई आणि गल्लीभर बातमी होई. त्या मुलाला अजून बोलण्याचा अधिकार नसे, पण तो रेडिओचा झालेला असे. श्रोत्यांच्या वह्या ज्यांनी नेटानं भरल्या, त्यांच्या ओळींत उजवीकडं कॉलसाइन जवळजवळ हमखास दिसते.

ऐंशीच्या दशकात चित्र पालटलं. राजीव गांधी स्वतः हॅम होते, त्यांची कॉलसाइन व्हीयू२आरजी. त्यामुळं वर्तमानपत्रांतून हा विषय गाजू लागला. परदेशी संचांवरचं आयात शुल्क माफ झालं. आपल्याकडंही जपानी ट्रान्सीव्हर दिसू लागले. वर्गाचं डावं पान पुरेना, म्हणून वहीला कागद चिकटवलेले आहेत. उजवं पानही या काळात चांगलं भरलं. पण पुढच्या वर्षांचं इतिवृत्त वाचलं की एक गोष्ट टोचते. वार्षिक वर्गणी भरणारे वाढले आणि रविवारी येणारे कमी झाले. विकत आणलेला संच घरी बसून चालवता येत होता. क्लबात येऊन सोल्डरिंग आयर्न हातात धरायची गरज उरली नव्हती, आणि तिथंच नव्या मुलाची जुन्या माणसाशी गाठ पडत असे. संच स्वस्त झाला हे चांगलंच झालं. मात्र 'कोणी शिकवलं' हा रकाना या दशकात पहिल्यांदा कोरा राहू लागला, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपानं हादरली. टेलिफोन बंद पडलेल्या भागात हॅम मंडळी संच घेऊन गेली. २००१ च्या भूजच्या भूकंपातही तेच झालं. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांची हॅम तुकडी अंदमानात एका रेडिओ मोहिमेवर होती. २६ तारखेला त्सुनामी आली आणि मोहिमेसाठी उभारलेलं स्टेशन निरोप पोचवण्याच्या कामाला लागलं. या प्रत्येक घटनेनंतर आपल्या वर्गाला गर्दी झालेली वहीत दिसते. मुलं भारावून येत. देशाच्या उपयोगी पडायचं असं म्हणत. त्यांच्या भावनेबद्दल मला आदरच आहे. पण आपत्ती रोज येत नाही, आणि येऊही नये. वर्षभर काही घडलं नाही की ही मुलं गळत. जी टिकली ती रोज सकाळच्या चाळीस मीटरच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी एकाच लहरीवर सगळ्यांनी भेटायच्या बैठकीत, हजेरी लावणारी. सात मेगाहर्ट्‌झवर दिवसा काही शे किलोमीटरचा टापू छान ऐकू येतो. त्यात आज हवा कशी आहे, काल कुणाची तार तुटली, कुणाच्या घरी पाहुणे आले, असल्या गप्पा चालतात. बाहेरच्याला त्या फुटकळ वाटतील. पण संकटाच्या दिवशी निरोप स्पष्ट, थोडक्यात आणि न घाबरता सांगता येतो तो या रोजच्या हजेरीमुळंच. वर्गाला येणाऱ्यांना आता आपण आधी नेट ऐकवतो, किल्लारीबद्दल नंतर बोलतो.

मग मोबाइल आले, इंटरनेट आलं. काही वर्षं वर्गच भरला नाही. वहीत त्या काळाची पानं नाहीत, त्यामुळं मलाही सांगण्यासारखं फार नाही. शाळाशाळांतून व्याख्यानं होत राहिली, एवढं इतिवृत्त सांगतं. व्याख्यानाच्या शेवटी एखादा मुलगा विचारी, 'खिशात फोन असताना हे कशाला?' आपली ज्येष्ठ मंडळी त्याला उत्तर म्हणून इतिहास सांगत. तो खरा असला तरी त्या मुलाचा प्रश्न तसाच राही.

उत्तर सापडलं ते नळाच्या वॉशरमध्ये. हैदराबादचे अशर फरहान यांनी बीआयटीएक्स नावाचा ट्रान्सीव्हर असा आखला, की तो आपल्याकडं मिळणाऱ्या साध्या सुट्या भागांतून घरी बांधता यावा. त्यातल्या काही कॉइल नळात बसतो तसल्या नायलॉनच्या वॉशरवर गुंडाळायच्या. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून वॉशर, अशी खरेदी करून आपल्या चार-पाच सभासदांनी तो बांधला. कॉलेजातली दोन मुलं बघायला आली आणि दुसऱ्या रविवारी स्वतःचे वॉशर घेऊन आली. फोनवर जगाशी बोलता येतं, पण फोन कसा बोलतो ते फोन उघडून कळत नाही. इथं प्रत्येक वेटोळं आपल्या बोटांनी घातलेलं असतं, आणि त्यातून एके दिवशी केरळातल्या माणसाचा आवाज येतो. 'हे कशाला' असं त्या दोघांनी कधी विचारलं नाही.

त्यानंतर आला फॉक्स हंट, म्हणजे लपवलेला छोटा ट्रान्समीटर दिशा शोधत शोधत गाठण्याचा खेळ. हा खेळ आपल्याकडं रुजला याचं कारण साधं आहे: शोधणाऱ्याला काही प्रक्षेपित करायचं नसतं, फक्त ऐकायचं असतं. त्यामुळं परवान्याची वाट पाहायला नको. सातवी-आठवीची मुलं पहिल्याच रविवारी रेडिओसह टेकडीवर असतात.

अँटेना मुलं स्वतः करतात. प्लास्टिकच्या पाइपावर सुताराच्या पोलादी मोजपट्टीचे तीन तुकडे आडवे बसवायचे. मागचा मीटरभराहून थोडा मोठा, पुढचा नव्वद सेंटिमीटरच्या आसपास, मधला मध्यावर तोडून दोन भागांत. त्याला केबल जोडायची. पट्टीवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरनं खरवडला नाही तर सोल्डर धरत नाही, आणि दर वर्षी निम्मी मुलं हे विसरतात. पट्टी लवचिक असल्यानं झुडपात शिरलं तरी अँटेना मोडत नाही. दोन मीटरच्या लहरीवर हॅण्डसेट लावून ती फिरवायची. ज्या दिशेला आवाज जोरात, तिकडं ट्रान्समीटर. वाटतं तितकं हे सोपं नाही. टेकडीच्या कड्यावरून लहर उलटून येते आणि पोरं भलत्याच बाजूला धावतात. अगदी जवळ गेलं की सगळीकडूनच आवाज जोरात येतो, दिशाच कळेनाशी होते. तेव्हा काय करायचं हे आम्ही सांगत नाही. मागे एका नववीतल्या मुलीनं अँटेना काढून ठेवली, हॅण्डसेट छातीशी धरला आणि जागेवरच हळूहळू गोल फिरली. पाठ ट्रान्समीटरकडं झाली की अंगाची आडकाठी होऊन आवाज पडतो, हे तिचं तिला उमगलं. करवंदीच्या जाळीत ठेवलेला डबा तिनं काढला तेव्हा आमचे सत्तरीतले सभासद टाळ्या वाजवत होते. ती मुलगी आज रविवारी फॉक्स हंट घेते.

मुलींबद्दल इथंच लिहितो. पहिल्या अनेक वर्षांच्या वह्यांत मुलीचं नाव नाही. मुलींना आवड नसते असं तेव्हा समजलं जाई. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्ग आधी शाळेत भरे, पण प्रत्यक्ष सराव रात्री, दुकानात किंवा कुणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत चाले. त्या वेळी, त्या जागी कुठल्या घरानं मुलीला पाठवलं असतं? सराव रविवारी सकाळी प्रयोगशाळेत आणल्यावर मुली आल्या. जाहिरात केली नाही, सवलत दिली नाही. वेळ आणि जागा बदलली.

आकाशातल्या गोष्टींनी मुलं येतात, यात शंका नाही. ५ मे २००५ ला पीएसएलव्हीवरून हॅमसॅट गेला. साडेबेचाळीस किलोच्या त्या उपग्रहात हौशी मंडळींसाठी दोन ट्रान्सपाँडर होते, त्यातला एक एका डच विद्यार्थी हॅमनं बनवलेला. २०१४ पर्यंत तो चालला. जून २०१६ मध्ये पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा किलोभरापेक्षा हलका 'स्वयम्' आणि त्याच सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा 'प्रथम' अवकाशात गेला. 'स्वयम्'वर विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी काम केलं, आणि त्याचा हेतूच हौशी लहरींवरून एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी पोचवणं हा होता. २०२५ च्या जुलैत शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून हॅम रेडिओनं बेंगळुरूच्या विद्यार्थ्यांशी बोलले, तेव्हा आपल्याकडं शाळांचे फोन आले.

अशा वेळी आपण मुलांना गच्चीवर नेतो. स्थानक क्षितिजावर येऊन मावळेपर्यंत फार तर दहा मिनिटं मिळतात. लहर १४५.८०० मेगाहर्ट्‌झ; पण येताना स्थानकाच्या वेगामुळं ती किंचित वर सरकते, म्हणून हॅण्डसेट आधी १४५.८०५ वर लावायचा, डोक्यावर आलं की ८००, जाताना ७९५. हे तीन आकडे एका मुलाला वाचायला सांगायचे, दुसऱ्याच्या हाती अँटेना, तिसऱ्याच्या हाती फोनवर रेकॉर्डिंग. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला डॉप्लर परिणाम त्या दिवसापासून त्यांना पाठ करावा लागत नाही. कधी स्थानकावरून चित्रं पाठवली जातात. करकर आवाजातून फोनच्या पडद्यावर ओळ-ओळ चित्र उमटताना मुलं श्वास रोखून बघतात.

मोर्सवरून आपल्याकडं झालेले वाद इतिवृत्तात सौम्य शब्दांत आहेत. प्रत्यक्षात ते कडाक्याचे होते. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनं मोर्सची सक्ती देशोदेशींच्या मर्जीवर सोडली. आपल्या देशात खालच्या, रिस्ट्रिक्टेड श्रेणीच्या परवान्याला मोर्स लागत नाही. जनरलला मिनिटाला आठ शब्द. मोर्स गेलं तर हॅम कसला, असं ज्येष्ठांचं म्हणणं. त्यांचा जीव त्यात गुंतला होता आणि मला ते समजतं. वह्या मात्र वेगळं दाखवतात. या मोर्सविना परवान्याची व्हीयू३ कॉलसाइन घेऊन आलेली मुलं वर्ष-दोन वर्षांत आपणहून मोर्सकडं वळली आहेत, कारण थोड्या वॅटवर, स्वतः बांधलेल्या छोट्या संचावरून, जिथं बोलणं पोचत नाही तिथं मोर्स पोचतं. सक्तीनं जितके मोर्सपासून पळाले, त्यापेक्षा जास्त आता आवडीनं येताहेत. तारमास्तरांची पद्धत तीच आहे, शिकवणारी त्यांची नात आहे.

परवान्याची वाटही आता पूर्वीसारखी लांबलचक नाही. अर्ज ऑनलाइन होतो, बारा वर्षं पूर्ण झालेलं मूल परीक्षेला बसू शकतं. उरलेला अडसर वेगळाच आहे. आपल्या नव्या सभासदांपैकी बहुतेक फ्लॅटमध्ये राहतात. गच्ची सोसायटीची, आणि अँटेना म्हटलं की चिटणीस हात जोडतात. सात मेगाहर्ट्‌झच्या डायपोलला वीस मीटर बारीक तार लागते, ती खालून दिसतसुद्धा नाही, वजन नाही, वीजबिल नाही. पण हे मुलानं सांगितलं तर कोण ऐकणार? गेल्या वर्षी कॉलसाइन मिळालेली काही मुलं याच कारणानं अजून घरून बोललेली नाहीत. वहीत त्यांची ओळ भरलेली दिसते, म्हणून आपण निर्धास्त राहणं बरोबर नाही.

यंदा कार्यकारिणीनं त्यासाठी दोन गोष्टी केल्या आहेत. क्लबाचं स्टेशन शनिवार-रविवारी दिवसभर उघडं राहील आणि तिथं एक ज्येष्ठ सभासद कायम हजर असेल. शिवाय सोसायटीच्या सभेला मुलाबरोबर क्लबाची दोन माणसं जातील: एक अभियंता, एक जवळपास राहणारा, सोसायटीतल्या चार लोकांच्या ओळखीचा. तार, विजेपासून संरक्षणाची जोडणी आणि ती बसवायचं काम क्लबाकडून. तीन सोसायट्यांनी होकार कळवला आहे. तिथल्या तारा दिवाळीच्या सुट्टीत बांधायच्या आहेत; ज्यांना शिडी धरायला यायचं असेल त्यांनी क्लबाच्या चिटणिसांकडं नाव द्यावं.